एसएसडीवर डेटाबेसचं वाचन वेगवान करताना: मोजणीपासून प्लॅनरपर्यंत

हार्ड डिस्क काढून एनव्हीएमई ड्राइव्ह (फिरता भाग नसलेला, फ्लॅश मेमरीचा वेगवान एसएसडी) बसवला, डेटाबेस त्यावर हलवला, आणि वर्षभर रडतखडत चालणारी ती क्वेरी जरा बरी चालायला लागली. जराच. ड्राइव्हच्या खोक्यावर सेकंदाला ७,००० एमबी लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात आयओस्टॅटमध्ये (ड्राइव्हचं काम दाखवणारं लिनक्सचं साधन) जेमतेम ८० एमबी दिसतात. अशा वेळी पहिला संशय ड्राइव्हवर जातो. पण बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो. त्याला पुरेसं कामच मिळत नसतं.

हे ८० एमबी कुठून येतात ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, आणि हेड योग्य जागी सरकायला आणखी ८-९. एका रँडम (कुठल्याही विखुरलेल्या जागेवरच्या) वाचनाला १२-१३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ७५-८० वाचनं होतात. चांगल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर तेच वाचन साधारण ८० ते १०० मायक्रोसेकंदांत होतं. शंभर मायक्रोसेकंद धरा: सेकंदाला १०,००० वाचनं, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचं पेज (एका वेळी वाचायचा तुकडा) ८ केबीचं, म्हणून सुमारे ८० एमबी. ड्राइव्हच्या क्षमतेच्या एक टक्क्याच्या आसपास.

ही मर्यादा एक वाचन संपल्यावरच दुसरं मागण्याची आहे. एसएसडीच्या पोटात नँडच्या (फ्लॅश मेमरीच्या) डझनावारी डाय, म्हणजे सिलिकॉनचे तुकडे, असतात आणि त्या एकाच वेळी वेगवेगळी पेजेस वाचू शकतात. एका डायला एक पेज वाचायला जो वेळ लागतो तो तुम्ही-आम्ही कमी करू शकत नाही; ते सिलिकॉनचं काम आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच: किती वाचनं मागायची, किती मोठी मागायची आणि एका वेळी किती मागायची. शिवाय मधल्या थरांपैकी कुणी अजून फिरत्या डिस्कच्या समजुतीत असेल, तर त्याची ती समजूत दूर करायची. या लेखातली उदाहरणं लिनक्सवरच्या पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची आहेत.

पहिली पायरी: अडचण खरंच वाचनाची आहे का?

ही पायरी गाळून थेट सेटिंग बदलायला घेणारे लोक मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पोस्टग्रेसमध्ये 'ट्रॅक_आयओ_टायमिंग' मुळात बंद असतं, ते चालू करा. त्याआधी 'पीजी_टेस्ट_टायमिंग' चालवून बघा, कारण काही व्हर्च्युअल मशीनवर घड्याळ वाचणंच महाग पडतं. मग संथ क्वेरी, ती कशी चालली ते दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन'ला 'अॅनलाइझ' आणि 'बफर्स' जोडून चालवा. दोन आकडे हवेत: 'शेअर्ड रीड' (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या मेमरीत न सापडलेली पेजेस) आणि 'आयओ टायमिंग्ज' (ती आणायला लागलेला वेळ).

समजा शेअर्ड रीड ४२,००० आहे, आयओचा वेळ ४,१०० मिलिसेकंद आणि क्वेरीचा एकूण वेळ ४,६०० मिलिसेकंद. भागाकार करा: एका वाचनाला सुमारे ९८ मायक्रोसेकंद. म्हणजे पेजेस खरोखर एसएसडीवरून येतायत, एकापाठोपाठ एक, आणि क्वेरीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ तिथेच जातोय. हा रुग्ण आपला. पण त्याच ४२,००० वाचनांना २५० मिलिसेकंदच लागले असतील, तर एका वाचनाला ६ मायक्रोसेकंद पडले. एसएसडी एवढ्या वेळात उत्तर देत नाही. ती पेजेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेज कॅशमधून, म्हणजे रॅममधून, आली. पोस्टग्रेसच्या भाषेत मात्र तेही 'रीड'च. तिथे ड्राइव्हचं काहीही केलं तरी फरक पडणार नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये काही वाचनं असिंक्रोनस (आधीच्या उत्तराची वाट न पाहता) होतात, त्यामुळे तिथे हा भागाकार जपून वाचावा लागतो. जुन्या आवृत्त्यांत तो सरळ लागू पडतो.

मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी_बफर_पूल_रीड्स' आणि 'इनोडीबी_बफर_पूल_रीड_रिक्वेस्ट्स' हे दोन काउंटर दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंदवा आणि वाढ बघा. पहिला काउंटर म्हणजे बफर पूलमध्ये (मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनच्या मेमरीतल्या कॅशमध्ये) पेज न सापडल्याने बाहेरून आणावं लागलं असे प्रसंग, दुसरा म्हणजे पेजच्या एकूण मागण्या.

हे चालू असताना दुसऱ्या खिडकीत 'आयओस्टॅट -एक्स १' लावून ठेवा. सेकंदाला किती वाचनं, एका वाचनाला सरासरी किती वेळ, वाचनाचा सरासरी आकार, आणि रांगेची सरासरी लांबी: 'आर/एस', 'आर_अवेट', 'आररेक-एसझेड' आणि 'एक्यू-एसझेड' हे चार रकाने बघायचे. शेवटचा टक्क्यांचा 'युटिल' रकाना एसएसडीसाठी विसरून जा. त्या सेकंदात निदान एक तरी मागणी चालू होती असा वेळ तो मोजतो. एका वेळी एकच वाचन अखंड चालू असलं तरी तो १०० टक्के दाखवतो, आणि ड्राइव्हची ९९ टक्के ताकद रिकामीच असते. 'डिस्क शंभर टक्के भरली, मोठी घ्या' असे निर्णय या एका रकान्यावरून घेतले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रांगेची लांबी १ च्या आसपास आणि वाचनाचा वेळ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असेल, तर ड्राइव्ह उपाशी आहे. रांग ६० आणि वेळ २ मिलिसेकंद असेल, तर तो खरंच दमलाय. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

क्लाउडवरच्या व्हॉल्यूमबद्दल इथेच सांगून टाकतो. तिथे बहुधा नेटवर्कपलीकडची साठवण असते आणि वाचनांच्या संख्येला मर्यादा विकत घेतलेली असते. अमेझॉनच्या ईबीएस जीपी३ व्हॉल्यूमला मूळ दरात सेकंदाला ३,००० आयओ (वाचन-लेखनाच्या मागण्या) आणि १२५ एमबी मिळतात. तुमचा आलेख बरोबर ३,००० वर सपाट झाला असेल, तर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) शोधण्यासारखं काही नाही. मशीनच्या आकारानुसार वेगळी मर्यादा असते, तीही तपासा. स्नॅपशॉटवरून (साठवलेल्या प्रतीवरून) उभा केलेला व्हॉल्यूम पहिल्या वाचनाला प्रत्येक ब्लॉक त्या प्रतीतून आणतो, त्यामुळे तो एकदा पूर्ण वाचून काढल्याशिवाय त्यावरची कुठलीही मोजणी खरी धरू नका.

दुसरी पायरी: ड्राइव्हची खरी ताकद नोंदवून ठेवा

यासाठी एफआयओ हे साधन वापरा. पर्याय असे: 'डायरेक्ट=१', म्हणजे पेज कॅश मध्ये येणार नाही; 'आरडब्ल्यू=रँडरीड'; ब्लॉकचा आकार पोस्टग्रेससाठी ८ केबी, इनोडीबीसाठी १६ केबी; इंजिन 'लिबएआयओ' किंवा 'आयओ_युरिंग'; वेळ निदान ६० सेकंद. 'आयओडेप्थ' (एका वेळी किती मागण्या) १, ४, १६, ६४ असं बदलत चार वेळा चालवा आणि दर वेळी आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं), सरासरी वेळ आणि ९९.९ पर्सेंटाइलचा वेळ (हजारातली ९९९ वाचनं ज्याच्या आत होतात तो) वहीत लिहा.

डेप्थ १ ला १०,००० असतील, तर १६ ला दीड लाखाच्या जवळ जायला हवेत. पुढे कुठेतरी आयओपीएस वाढणं थांबतं आणि फक्त वेळ वाढत जातो. तो वळणाचा बिंदू म्हणजे तुमच्या ड्राइव्हची सोयीची रांग. साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीवर हा बिंदू लवकर येतो, कारण तिथे एकच रांग आणि तीत ३२ मागण्या एवढंच मावतं. एनव्हीएमईच्या प्रमाणात ६५ हजारांवर रांगा आणि प्रत्येकीत तेवढ्याच मागण्यांची सोय आहे.

या चाचणीत दोन ठिकाणी फसगत होते. कोऱ्या किंवा नुकत्याच ट्रिम केलेल्या (न लागणाऱ्या जागा ड्राइव्हला कळवून मोकळ्या केलेल्या) ड्राइव्हवर थेट डिव्हाइस वाचून चाचणी केली, तर आकडे अविश्वसनीय सुंदर येतात. कंट्रोलरला माहीत असतं की त्या पत्त्यावर काही लिहिलेलंच नाही. तो नँडला हात न लावता शून्यं परत करतो. म्हणून आधी डेटा भरा, मग वाचा. दुसरी फसगत चाचणीच्या फाइलच्या आकाराची. ज्या स्वस्त ड्राइव्हवर स्वतःची डीरॅम (वेगवान मेमरी) नसते, त्यांना पत्त्यांचा नकाशा थोडाच हाताशी ठेवता येतो. १ जीबीच्या फाइलवर ते झकास पळतात आणि ३०० जीबीवर पसरलेल्या डेटाबेसवर धापा टाकतात. चाचणीची फाइल खऱ्या डेटाबेसएवढी असू द्या.

चालू सर्व्हरवर चाचणी करावी लागलीच, तर 'रीडओन्ली' पर्याय लावल्याशिवाय एंटर दाबू नका. थेट डिव्हाइसवर लेखनाची चाचणी चालवली तर डेटा गेला, परत येणार नाही.

तिसरी पायरी: हार्डवेअरकडे एक नजर

'एलएसपीसीआय'चं सविस्तर आउटपुट काढून ड्राइव्हच्या 'लिंककॅप' आणि 'लिंकस्टा' या दोन ओळी शेजारी ठेवा. पहिली सांगते ड्राइव्हला काय जमतं, दुसरी सांगते प्रत्यक्षात काय मिळालं. चार लेनच्या (डेटाच्या वाटांच्या) ड्राइव्हला दोनच लेन मिळाल्या आहेत किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीचा ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतोय, हे इथे दोन मिनिटांत कळतं. तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर सेकंदाला सुमारे ३.९ जीबी जातात, चौथ्या पिढीच्या चार लेनवर त्याच्या दुप्पट. दोन सॉकेटचं मशीन असेल तर ड्राइव्ह कोणत्या प्रोसेसरला जोडलाय तेही बघा.

मग 'एनव्हीएमई स्मार्ट-लॉग'. तापमान, तापमान इशाऱ्याच्या पातळीवर गेलं ती मिनिटं, मीडिया एरर आणि वापराची टक्केवारी. हीटसिंक नसलेला एम.२ ड्राइव्ह सतत कामात राहिला की गरम होतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. सकाळी नीट चालणारा रिपोर्ट दुपारच्या गर्दीत अडखळतो, याचं कारण कधी कधी इतकं साधं असतं.

फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम) दुर्लक्षू नका. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ ड्राइव्हवर बरेच दिवस न हाललेला जुना डेटा वाचताना वेग खूप पडतो, असं लोकांच्या लक्षात आलं. पेशींतला विद्युतभार काळानुसार सरकत होता आणि वाचन पुन्हा पुन्हा करावं लागत होतं. कंपनीने त्या वर्षी ऑक्टोबरात एक फर्मवेअर दिलं आणि २०१५ मध्ये पुन्हा एक. त्या काळात वरच्या कुठल्याही सेटिंगने ती क्वेरी सुधारली नसती.

झोपेच्या अवस्थाही तपासायला हव्यात. प्रोसेसर रिकामा असला की खोल सी-स्टेटमध्ये (वीजबचतीच्या झोपेत) जातो आणि तिथून जागं व्हायला काही दहा ते शंभराहून जास्त मायक्रोसेकंद लागू शकतात. हार्ड डिस्कच्या १२ मिलिसेकंदांपुढे हे काहीच नव्हतं. पण १०० मायक्रोसेकंदांच्या वाचनात यातला प्रत्येक मायक्रोसेकंद दिसतो, आणि तोही नेमका मशीन निवांत असताना. ओळखायची युक्ती सोपी आहे: डेप्थ १ ची चाचणी एकदा शांत मशीनवर आणि एकदा दुसरीकडे प्रोसेसरला काम देऊन चालवा. गजबजलेल्या मशीनवर वाचन जास्त वेगाने होत असेल, तर दोषी झोपच. लिनक्सची 'ट्यून्ड' ही सेवा असेल तर त्याचा 'लेटन्सी-परफॉर्मन्स' प्रोफाइल लावून पुन्हा मोजा. ड्राइव्हच्या स्वतःच्या वीजबचतीसाठी कर्नलला 'एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०' असं बूटवेळी सांगता येतं. वीज थोडी जास्त लागेल. डेटाबेस सर्व्हरवर मला तो सौदा मान्य आहे.

पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर सुरू होतं ना, तेवढं पाहून घ्या. आजची साधनं ते आपोआप करतात.

चौथी पायरी: कर्नल आणि फाइलसिस्टिम

आयओ शेड्युलर हार्ड डिस्कचं हेड कमी फिरावं म्हणून मागण्यांचा क्रम लावायचा. इथे हेडच नाही. '/सिस/ब्लॉक/' खाली आपल्या ड्राइव्हच्या 'क्यू' फोल्डरमधली 'शेड्युलर' फाइल बघा: एनव्हीएमईसाठी 'नन', साटा एसएसडीसाठी 'नन' किंवा 'एमक्यू-डेडलाइन'. जुन्या लेखांतले 'नूप' आणि 'सीएफक्यू' हे पर्याय २०१९ च्या लिनक्स ५.० पासून उरलेलेच नाहीत. त्याच फोल्डरमधल्या 'रोटेशनल' फाइलमध्ये ० आहे ना तेही पाहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये तिथे १ सापडतं, म्हणजे कर्नल अजून फिरती डिस्कच समजतोय. हे बदल रीबूटनंतर टिकावेत म्हणून युडेव्हच्या (ड्राइव्ह ओळखताच सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेच्या) नियमात लिहा.

रीड-अहेडबद्दल (कर्नल पुढचा डेटा आधीच वाचून ठेवतो त्याबद्दल) ठोकळ सल्ला देता येत नाही. 'रीड_अहेड_केबी' बहुधा १२८ असतं. इनोडीबी 'ओ_डायरेक्ट'ने, म्हणजे पेज कॅश वगळून, वाचत असेल तर या आकड्याचा त्याच्याशी संबंधच नाही. पोस्टग्रेस पेज कॅशमधून वाचतं, म्हणून मोठे टेबल सलग वाचणाऱ्या रिपोर्टांना ५१२ किंवा १,०२४ करून फायदा होऊ शकतो. उलट मोंगोडीबी या डेटाबेससारख्या विखुरलेल्या वाचनांत प्रत्येक छोट्या मागणीमागे नको असलेला डेटा ओढला जातो आणि कॅशमधून कामाची पेजेस बाहेर पडतात. मोंगोडीबीचे दस्तऐवज ८ ते ३२ सेक्टर, म्हणजे ४ ते १६ केबी, एवढंच ठेवायला सांगतात. तुमचा भार कोणत्या जातीचा आहे हे आयओस्टॅटच्या सरासरी आकाराच्या रकान्यातून कळतं.

फाइलसिस्टिम एक्सटी४ की एक्सएफएस या वादात वेळ घालवू नका, दोन्ही चालतात. 'नोएटाइम' लावा, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ दर वेळी लिहिली जाणार नाही. झेडएफएस वापरत असाल तर मात्र थांबा: तिथे रेकॉर्डसाइज मुळात १२८ केबी असते, म्हणजे ८ केबीच्या एका पेजसाठी १२८ केबी उचलले जातात. डेटाबेसच्या डेटासेटला ८ किंवा १६ केबी द्या, आणि तेही डेटा भरण्याआधी, कारण जुन्या फाइलींचे ब्लॉक आपोआप बदलत नाहीत.

एन्क्रिप्शनसाठी डीएम-क्रिप्ट असेल तर प्रत्येक वाचन कर्नलच्या कामाच्या रांगांतून फिरून येतं. लिनक्स ५.९ पासून 'नो_रीड_वर्कक्यू' हा पर्याय आहे. वेगवान एनव्हीएमईवर तो जरूर मोजून पाहा. ट्रिमसाठी 'एफस्ट्रिम'चा आठवड्याचा टायमर पुरेसा आहे. मध्ये एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शनचा थर असेल तर ट्रिम खालपर्यंत पोचतं का, ते एकदा तपासा.

पाचवी पायरी: वाचनाच्या वाटेतलं लेखन

वाचन सुधारायचं तर लेखनाबद्दल कशाला बोलायचं, असं वाटेल. पण सरासरी उत्तम आणि ९९.९ पर्सेंटाइल भयानक, अशी तक्रार असेल तर उत्तर बहुधा इथेच सापडतं.

नँडच्या एका डायला पेज वाचायला काही दहा मायक्रोसेकंद लागतात, लिहायला शेकडो, आणि ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद. तुमचं वाचन ज्या डायवर आहे तिथेच पुसण्याचं काम चालू असेल, तर ते मागे अडकतं. चांगले ड्राइव्ह पुसणं मध्येच थांबवून वाचनाला वाट देतात, सगळे देत नाहीत. वर आपण जितकं लिहू त्याच्यापेक्षा जास्त लेखन ड्राइव्ह आत करत असतो, कारण पुसण्याआधी जिवंत पेजेस दुसरीकडे हलवावी लागतात. ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही हलवाहलव जास्त.

म्हणून ड्राइव्ह पूर्ण भरू नका. सुरुवातीला ट्रिम करून दहा-वीस टक्के जागा पार्टिशनशिवाय सोडून देणं हा वाचनाचा शेपटाकडचा (सर्वांत संथ वाचनांचा) वेळ सुधारण्याचा सर्वांत साधा उपाय आहे. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हवर, जिथे लेखन आणखी संथ, याचा फायदा जास्त.

मग अनावश्यक लेखन शोधा. सॉर्ट आणि हॅश मेमरीत मावले नाहीत की पोस्टग्रेस तात्पुरत्या फाइली लिहितं. 'लॉग_टेंप_फाइल्स' शून्य करून दिवसभर लॉग बघा आणि त्या क्वेरींपुरतं 'वर्क_मेम' वाढवा. चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) मुळात दर ५ मिनिटांनी होतो. 'मॅक्स_वॉल_साइझ' (वॉल म्हणजे बदलांची नोंदवही) १ जीबीवर अडकलेलं असेल तर त्याहूनही लवकर होतो. वेळ १५ ते ३० मिनिटं आणि साइझ त्या मानाने मोठी केली की लेखनाच्या लाटा बसतात. क्रॅशनंतर पुन्हा उभं राहायला मात्र जास्त वेळ लागेल. वॉल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवता आला तर उत्तम.

आणि एक गोष्ट जी पुष्कळांना ठाऊक नसते: पोस्टग्रेसमध्ये निव्वळ 'सिलेक्ट'सुद्धा लिहितं. मोठा डेटा भरल्यानंतर पहिल्यांदा त्या ओळी वाचणारी क्वेरी प्रत्येक ओळीवर तिचा व्यवहार पूर्ण झाल्याची खूण करते आणि पेज मळतं, म्हणजे ते पुन्हा डिस्कवर लिहावं लागतं. भरणा संपल्यावर लगेच 'व्हॅक्यूम अॅनलाइझ' (टेबलची साफसफाई आणि आकडेवारी) चालवा, म्हणजे हा भार सकाळच्या पहिल्या रिपोर्टवर पडणार नाही.

सहावी पायरी: डेटाबेसला सांगा की डिस्क फिरत नाही

'रँडम_पेज_कॉस्ट' मुळात ४ असतं आणि 'सीक्वेन्शियल'चं १. म्हणजे प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) समजतो की विखुरलेलं वाचन चौपट महाग. एसएसडीवर हे अंतर फार कमी आहे, त्यामुळे इंडेक्स (ओळींचे पत्ते सांगणारी सूची) हाताशी असून तो अख्खं टेबल वाचायला घेतो. १.१ पासून सुरुवात करा, पण थेट कॉन्फिगमध्ये नको. आधी एका सेशनमध्ये 'सेट' करून तुमच्या दहा-पंधरा महत्त्वाच्या क्वेरींचे प्लॅन आधीचे-नंतरचे ताडून बघा. काही प्लॅन उलटे बिघडतात. जिथे अंदाजे ओळींची संख्या चुकते, तिथे प्लॅनर आता निर्धास्तपणे लाखो वेळा इंडेक्समध्ये शिरतो. त्या टेबलची आकडेवारी सुधारा, आकडा परत ४ करू नका. जुना डेटा अजून हार्ड डिस्कवर असेल तर हा आकडा टेबलस्पेसनुसार (साठवणीच्या जागेनुसार) वेगळा ठेवता येतो. 'इफेक्टिव्ह_कॅश_साइझ'ही खऱ्या रॅमच्या अर्ध्या ते पाऊण भागाएवढं सांगा. त्याने मेमरी घेतली जात नाही, फक्त अंदाज सुधारतो.

आता उपाशी ड्राइव्हचं. 'इफेक्टिव्ह_आयओ_कन्करन्सी' (एका वेळी किती वाचनं मागायची) १७ व्या आवृत्तीपर्यंत मुळात १ होतं, १८ मध्ये १६ झालं. एनव्हीएमईवर ३२, ६४, १२८ असं वाढवत जा आणि दुसऱ्या पायरीत सापडलेल्या वळणाच्या जवळ थांबा. २०२५ च्या पोस्टग्रेस १८ मध्ये असिंक्रोनस वाचन आलं: 'आयओ_मेथड' मुळात 'वर्कर' असतं, लिनक्सवर तशी बांधणी असेल तर 'आयओ_युरिंग' निवडता येतं. सलग स्कॅन, बिटमॅप हीप स्कॅन (इंडेक्समधून आधी पत्ते गोळा करून मग टेबल वाचणं) आणि व्हॅक्यूम यांना त्याचा लाभ होतो.

साध्या इंडेक्स स्कॅनला मात्र १८ मध्येही होत नाही. तो इंडेक्समधून एक पत्ता घेतो, टेबलचं पेज मागतो, थांबतो, पुढचा पत्ता घेतो. सुरुवातीचा ८० एमबीचा आकडा आठवा. ही क्वेरी तिथेच अडकलेली असते. इथे तीन गोष्टी उपयोगी पडतात आणि माझा क्रम हाच. पहिली, वाचनच टाळा: हवे ते कॉलम 'इन्क्लूड' करून इंडेक्स असा बनवा की टेबलपर्यंत जावंच लागू नये, आणि व्हॅक्यूम नियमित ठेवा, नाहीतर इंडेक्स-ओन्ली स्कॅनलाही टेबलात डोकावावं लागतं. दुसरी, एकत्र लागणाऱ्या ओळी एकत्र ठेवा. एका ग्राहकाच्या २०० नोंदी २०० पेजेसवर विखुरल्या असतील तर २०० वाचनं. 'क्लस्टर'ने त्या क्रमाने लावल्या तर त्याच नोंदी चार-पाच पेजेसमध्ये मिळतात. 'क्लस्टर' टेबल पूर्ण कुलूपबंद करतं, म्हणून वेळ बघून करा. तिसरी, 'मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर' मुळात २ आहे ते ४ किंवा ८ करून एका क्वेरीला जास्त हात द्या. ज्या सर्व्हरवर आधीच शंभर जण एकदम वाचतायत तिथे तिसरी नको. रांग आपसूक भरलेली असते.

मायएसक्यूएलचं गणित वेगळं आहे. सर्वांत आधी 'इनोडीबी_बफर_पूल_साइझ'. ते १२८ एमबीच्या मूळ आकड्यावर राहिलं असेल तर बाकी काही बघू नका. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर रॅमचा ६० ते ७५ टक्के भाग द्या, आणि 'इनोडीबी_फ्लश_मेथड' 'ओ_डायरेक्ट' ठेवा, म्हणजे तेच पेज दोनदा मेमरीत राहणार नाही. 'इनोडीबी_फ्लश_नेबर्स' (शेजारची पेजेसही सोबत लिहिणं) शून्य हवं, ८.० पासून तसंच आहे, ५.७ मध्ये १ होतं. 'इनोडीबी_आयओ_कपॅसिटी' वाढवून वाचन वेगवान होईल अशी समजूत फार पसरली आहे. तो आकडा मागे चालणाऱ्या फ्लशिंगसारख्या (मळलेली पेजेस डिस्कवर लिहिण्यासारख्या) कामांचा आहे. तुमच्या 'सिलेक्ट'ला तो लागत नाही, आणि बेसुमार वाढवला तर पाचव्या पायरीतली लेखनाची अडचण स्वतःच ओढवून घ्याल.

रीस्टार्टनंतरचा पहिला तास संथ जात असेल तर मायएसक्यूएल बफर पूलची यादी बंद होताना लिहून सुरू होताना परत भरतं, ते कुणी बंद केलेलं नाही ना बघा. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_प्रीवॉर्म'चं ऑटोप्रीवॉर्म हेच काम करतं.

सातवी पायरी: पुन्हा मोजा, आणि थंड (रिकाम्या) कॅशवर मोजा

एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले आणि वेळ निम्मा झाला, तर कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही. कदाचित एकाने तिप्पट सुधारलं आणि दुसऱ्याने बिघडवलं.

चाचणीच्या मशीनवर डेटाबेस बंद करा, 'ड्रॉप_कॅशेस'मध्ये ३ लिहा (पेज कॅश रिकामी होईल), डेटाबेस सुरू करा, मग क्वेरी चालवा. दुसऱ्यांदा चालवलेली क्वेरी रॅमची चाचणी असते. एकत्र भारासाठी 'पीजीबेंच' या पोस्टग्रेसच्या चाचणी साधनाचा फक्त-वाचनाचा पर्याय वापरा आणि डेटा रॅममध्ये मावणार नाही एवढा घ्या: स्केल १ म्हणजे एक लाख ओळी, साधारण १५ एमबी, ६४ जीबी रॅमच्या मशीनला स्केल १०,००० घेतलं तर १५० जीबीच्या आसपास होतं. क्लायंट १, ८, ३२, ६४ असे वाढवत सरासरीबरोबर शेवटचे पर्सेंटाइलही लिहा, आणि शेजारी आयओस्टॅटची रांग. रांग दुसऱ्या पायरीतल्या वळणापर्यंत पोचली आणि आयओपीएस एफआयओच्या आकड्याच्या जवळ आले, की ड्राइव्हकडून मिळण्यासारखं सगळं मिळालं. त्यानंतरचा वेग इंडेक्समधून, रॅममधून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमधून येईल.

वही ठेवा. तारीख, बदल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, फर्मवेअर आणि डेटाबेसची आवृत्ती. आवृत्ती बदलताना ती वही उघडून कॉन्फिग फाइलची एकेक ओळ तपासा, कारण मूळ आकडे सुधारत जातात आणि आपण कधीकाळी हाताने लिहिलेली 'इफेक्टिव्ह_आयओ_कन्करन्सी = १' ही ओळ १८ व्या आवृत्तीतही इमानेइतबारे लागू होत राहते.